घोडा आडवा झाला म्हणजे आजारीच?
‘घोडा उभ्यानेच झोपतो, आडवा पडला की समजा पोटशूळ,’ असं पुण्यात रेसकोर्सच्या कडेने फिरायला जाणारेही छातीठोकपणे सांगतात. अर्धंच खरं आहे. मागच्या पायाच्या सांध्यातली वाटी अडकवून घोडा उभ्याने डुलकी काढतो. गाढ, स्वप्नांची झोप मात्र आडवं झाल्याशिवाय नाही, कारण तेव्हा स्नायू पार ढिले पडतात. अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो हवाच. नाही मिळाला तर घोडा उभ्याउभ्या पेंगतो, पुढचे पाय दुमडतात. खरचटलेले गुडघे बघा!

म्हणून मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, पेंढा कोरडा, जाड अंथरावा, दिवा घालवावा. शेजारचा घोडा दिसला की हा निर्धास्त होतो. कळपात कुणीतरी पहाऱ्याला असतंच ना. घाम फुटलाय, सारखा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, तर मात्र लगेच डॉक्टर बोलवा.