कमी हलणाऱ्या सांध्याचं दुखणं

लडाख किंवा स्पितीचा बेत ठरला की गाडीच्या तयारीची यादी ठरलेली असते. इंजिन ऑइल, चेन, ब्रेक पॅड, टायर, आणि हौस असेल तर क्रॅश गार्ड नि जादा दिवे. स्विंगआर्मच्या पिव्हटचं नाव त्यात क्वचितच दिसतं. गॅरेजात ज्याला मागचा चिमटा म्हणतात तो हा स्विंगआर्म. एका टोकाला मागचं चाक, दुसरं टोक चेसीतून जाणाऱ्या एका लांब आडव्या बोल्टवर, आणि त्या बोल्टभोवती चाकाचं खाली-वर होणं. हा बोल्टावरचा सांधा म्हणजेच पिव्हट. रॉयल एनफिल्डने १९४९च्या बुलेटला स्विंगआर्म दिला तेव्हा ती नवलाई होती. आज तो इतका सवयीचा झालाय की त्याला बेअरिंग असतात, त्यांना ग्रीस लागतं, हेच विसरायला होतं.

गाडी पुढे ढकलली जाते ती याच सांध्यातून. जमीन चाकाला पुढे रेटते आणि तो रेटा अॅक्सल, स्विंगआर्म, पिव्हट या वाटेने चेसीपर्यंत पोचतो. त्यात चेनची भर पडते. चेन मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चकती, ओढते तेव्हा अख्खं चाकच इंजिनाकडे खेचत असते, आणि ते खेचणं थोपवायचं काम स्विंगआर्मचं. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारख्या गाडीचा ढोबळ हिशोब करू. मागचं चाक टायरसकट सुमारे ३२ सेंटिमीटर त्रिज्येचं आणि स्प्रॉकेटची त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर चेनमधला ताण जमिनीवरच्या रेट्याच्या तिपटीहून जास्त भरतो. चाकाला जमिनीकडून १०० किलोचा रेटा मिळत असेल, तेव्हा पिव्हटवर सव्वाचारशे किलोंच्या वर भार येतो. अॅक्सिलरेटर सोडला की तो उतरतो, पिळला की पुन्हा चढतो. घाटात हे दिवसभर चालतं.

एवढा भार तर चाकाची बेअरिंगही बऱ्यापैकी सोसतात, मग पिव्हटचंच दुखणं वेगळं का? कारण चाक फिरतं आणि पिव्हट नुसता डुलतो. पूर्ण फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये प्रत्येक गोळी ग्रीस आपल्यासोबत फिरवते, पसरवते, कोरडी पडलेली जागा पुन्हा ओली करते. पिव्हटमध्ये बेअरिंग असतील तर ती बहुधा निडल बेअरिंग असतात, म्हणजे सुईसारख्या बारीक पोलादी दांड्यांचं कडं. समजा आतली स्लीव्ह, म्हणजे बोल्टवर बसणारी नळी, २० मिलिमीटर व्यासाची आहे, दांड्या तीन मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि अशा वीस दांड्या गोल बसवल्या आहेत. डांबरी रस्त्यावर चाक तीनेक सेंटिमीटर वरखाली झालं तर स्विंगआर्म सुमारे तीन अंश फिरतो. तेवढ्यात एक दांडी सरकते जेमतेम पाव मिलिमीटर. शेजारची दांडी साडेतीन मिलिमीटरवर. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शनने आपली १८० मिलिमीटरची सगळी हालचाल वापरली, तरी दांडी दीड मिलिमीटरच्या आसपासच जाऊन परत येते. म्हणजे प्रत्येक दांडी गाडीच्या आयुष्यभर त्याच चिंचोळ्या पट्टीवर ये-जा करत राहते. तिथलं ग्रीस दोन्ही बाजूंना ढकललं जातं, आणि ते परत आणणारं कुणी नसतं.

रस्त्याची बारीक थरथर तर याहून घातक. दांडीची सरक तिच्या टेकण्याच्या रुंदीपेक्षाही कमी असते तेव्हा त्या रेषेत तेल शिरतच नाही. पोलादाला पोलाद घासतं, सूक्ष्म कण सुटतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन लागतो आणि लालसर भुकटी तयार होते. हे आयर्न ऑक्साइड. धातू आणि काच घासून चकचकीत करायला वापरतात तेच, त्यामुळे ते पुढची झीज आणखी वाढवतं. शेवटी स्लीव्हवर दांड्यांच्या अंतराने खाचांची रांग उमटते. अभियंते या प्रकाराला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. खरं ब्रिनेलिंग म्हणजे जबर दाबाने पडलेला खळगा. पोलादी गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजणाऱ्या योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याचं ते नाव. फॉल्स प्रकारात खळगा दाबाने पडत नाही, घासून पडतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून रेल्वेने लांब पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंग पोचेपर्यंत खराब झालेली सापडायची. गाड्या एक फूटही चालल्या नव्हत्या, नुसत्या डब्यात उभ्या राहून थरथरल्या होत्या. आपल्याकडे मुंबई-पुण्याची मंडळी बाइक पार्सलने चंदीगडला पाठवतात. तेवढ्या एका प्रवासाने पिव्हट जाईल असं मुळीच नाही, पण थरथर तीच.

आता ग्रीसकडे. ग्रीस म्हणजे घट्ट तेल, हा समज अर्धाच बरोबर आहे. वंगण म्हणून काम करतं ते तेलच, पण ते साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं असतं. चक्का करायला दही टांगल्यावर पाणी जसं हळूहळू निथळत राहतं, तसं या जाळीतून तेल जरुरीपुरतं पाझरतं आणि धातूला मिळतं. वर्षानुवर्षं पडून तेल निथळून गेलं की उरते सुकी खरवड, आणि ती वंगण म्हणून निकामी. साध्या लिथियम ग्रीसमधला हा साबण बहुतेक वेळा एरंडेलापासून येतो. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारं आम्ल लिथियमशी जोडलं की हवी तशी जाळी बनते. जगातल्या एरंडीचा सर्वांत मोठा वाटा भारताचा आणि भारतात गुजरातचा, तेव्हा मेहसाणा-बनासकांठाकडची एरंडी कुठल्या कुठल्या देशांतल्या बेअरिंगमध्ये पोचत असेल!

डब्यावर एनएलजीआय २ असं लिहिलेलं असतं. तो ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश तापमानाच्या, घुसळलेल्या ग्रीसवर पाच सेकंद सोडतात. तो साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर रुतला तर दर्जा २. पिव्हटला हा बरोबर बसतो. पण घट्टपणापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. इथे माझी पसंती कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीसला. बोटींसाठी विकली जाणारी बरीच ग्रीस या जातीची असतात. पाण्याने ती सहज धुऊन जात नाहीत आणि गंजही चांगला रोखतात. काही कंपन्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं ग्रीस सांगतात. त्यातले काळे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात आणि तेल हटल्यावरही पापुद्रे एकमेकांवर घसरतात. डुलणाऱ्या सांध्याला ते शोभतं. मॅन्युअलमध्ये असं काही नाव दिलं असेल तर तेच आणावं. जुन्या ग्रीसवर नवं थापणं मात्र टाळावं. दोन वेगळ्या जातींचे साबण एकत्र आले की जाळी मोडून मिश्रण पातळ होऊन वाहू शकतं.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे जास्तच. बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम असतं ते दीडेक टक्का, आणि स्टेनलेस व्हायला साडेदहाच्या वर लागतं. म्हणजे ग्रीस गेलं की गंज आलाच. पावसाळाभर आंबोली-ताम्हिणीचे घाट, कोकणातली खारी हवा, आणि परत आल्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप. बेअरिंगच्या तोंडावरच्या सीलचे रबरी ओठ उडणारं पाणी आणि धूळ अडवायला केलेले असतात. हातभर अंतरावरून मारलेल्या जेटपुढे त्यांचा टिकाव लागत नाही, आणि आत गेलेलं पाणी त्याच ओठांमुळे बाहेर पडत नाही. म्हणून किलोमीटर मोजून पिव्हट उघडण्यापेक्षा पावसाळे मोजावेत, असं मला वाटतं. दसऱ्याच्या सुमारास गाडी उघडायला मुहूर्तही बरा असतो.

घरी करण्याआधी एक पाहा. अनेक साध्या गाड्यांच्या पिव्हटमध्ये बेअरिंग नसून रबरी बुश असतो. तिथे काही घसरतच नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. त्याला ग्रीस नको, उलट पेट्रोलियम तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. असा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी नेहमीच्या उंचीवर बसलेली हवी, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

निडल बेअरिंगवाली गाडी असेल तर ती मेन स्टँडवर चढवा. स्टँड चेसीला जोडलेला हवा. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मलाच उचलतो, त्यामुळे इथे त्याचा उपयोग शून्य. चाक काढा, कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर सांभाळा. शॉकअप खालून सोडवलात की स्विंगआर्म मोकळा होतो. आता हाताने अनुभवा. वरखाली करताना दाणेदार, अडखळल्यासारखं लागलं तर खाचा पडल्यात. डावी-उजवीकडे ढकलून टक् असा आवाज आला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. दोन बेअरिंगमधलं अंतर २० सेंटिमीटर धरलं, तर एका बाजूचा ०.२ मिलिमीटरचा ढिलेपणा अॅक्सलपाशी अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. शिवाय मागचं चाक स्वतःच किंचित वळतं. बॅगा लादलेली गाडी हायवेवर मागून डुलू लागते, सेकंदाला दोन-चार हेलकावे घेत, त्याला हेही एक कारण असतं.

बोल्ट न निघणं ही नेहमीची अडचण. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तो स्लीव्हमध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, आणि हातोड्याखाली पितळेचा तुकडा धरा, नाहीतर बोल्टचं तोंड पसरेल. काही गाड्यांत हाच बोल्ट इंजिनातूनही जातो. तिथे इंजिनाला खालून टेकू हवा. स्लीव्ह ओढताना खाली स्वच्छ कापड पसरा. काही बेअरिंगांत दांड्या पिंजऱ्याशिवाय असतात आणि मोत्याच्या दाण्यांसारख्या घरंगळतात, तेव्हा आधी मोजलेल्या बऱ्या.

धुवायला रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल घरात नकोच. पुसून पूर्ण वाळल्यावर स्लीव्हवर नख फिरवा. नख अडलं तर ग्रीसने काही साधणार नाही, बेअरिंग आणि स्लीव्ह जोडीने बदला. ठीक असेल तर दांड्यांच्या फटींत बोटाने दाबून ग्रीस भरा, सीलच्या ओठांना लावा आणि बोल्टच्या अंगावर पातळ थर द्या. इथे ग्रीसचा निम्मा उपयोग हवा-पाणी बाहेर ठेवण्याचा आहे, म्हणून हात आखडू नका. आट्यांना मात्र मॅन्युअलने सांगितलं तरच. नट आवळताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. आटे बुळबुळीत झाले की टॉर्क रेंचवरच्या (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यावरच्या) त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आकडाही आपल्याच मॉडेलचा घ्यावा.

आवळून झाल्यावर, शॉकअप जोडण्याआधी, स्विंगआर्म आडवा धरून सोडा. तो कुठेही न अडता आपल्या वजनाने खाली यायला हवा. आणि मोनोशॉकखाली (मागच्या एकुलत्या शॉकअपखाली) लिंकेज, म्हणजे त्याला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे, असतील तर त्यातलीही बेअरिंग आत्ताच उघडा. ती याच जातीची, पण आणखी खाली, चाकाने उडवलेल्या चिखलाच्या थेट वाटेत, त्यामुळे बरेचदा पिव्हटच्या आधी तीच गेलेली निघतात.