उपळ फुटल्यावरचा डोंगर

जूनच्या पहिल्या आठवड्यात सह्याद्रीच्या रानातल्या उतारावर दोन तास पाऊस कोसळला, तरी खालच्या पऱ्ह्याला अनेकदा जेमतेम घोटाभर पाणी येते. तेवढाच पाऊस जुलैअखेर पडला, तर तोच पऱ्ह्या साकवाला जाऊन भिडतो.

या फरकाचे कारण बराच काळ केवळ पावसाच्या जोरात शोधले गेले. जमीन ज्या वेगाने पाणी मुरवते त्यापेक्षा पाऊस जोराचा असला, तर उरलेले पाणी पृष्ठभागावरून धावते, असे अमेरिकी अभियंता रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये मांडले. उघडा कातळ, डांबरी रस्ता किंवा गुरांनी तुडवलेले माळरान यांना हे वर्णन चपखल लागू पडते. जंगलातली माती मात्र मुळांनी, गांडुळांनी आणि वाळवीने इतकी पोखरलेली असते की धो धो पाऊसही ती सहसा गिळून टाकते. मग तिथल्या ओढ्यांना पूर का येतो?

मुरलेले पाणी खाली घट्ट कातळ किंवा चिकण मातीचा थर लागला की आडवे वळते आणि उताराच्या अंगाने सरकत घळीत व पायथ्याशी साठते. तिथली माती काठोकाठ भरली की कोकणात ज्याला उपळ फुटणे म्हणतात ते घडते: पाणी जमिनीतूनच वर येते आणि त्यावर पडणारा पाऊस, रिमझिम असला तरी, थेट वाहून जातो. थॉमस डन आणि रिचर्ड ब्लॅक यांनी अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये केलेली अशी निरीक्षणे १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. हा चिंब पट्टा स्थिर नसतो; पावसाळा चढतो तसा तो ओढ्याच्या काठावरून उतारावर पसरत जातो.

त्याहून नवलाची गोष्ट पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून कळली. दमट, वनाच्छादित प्रदेशांतील अनेक ओढ्यांच्या पुरात निम्म्याहून अधिक पाणी त्या दिवशीच्या पावसाचे नसते, तर आधीपासून जमिनीत असलेले असते. नवा पाऊस भूजलाची पातळी चढवतो आणि जुन्या पाण्याला बाहेर ढकलतो.

२३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे प्रत्येक हेक्टरवर जवळजवळ ५९ लाख लिटर पाणी. तिथूनच उगम पावणाऱ्या सावित्रीच्या काठचे महाड त्याच वेळी पाण्याखाली होते. इतक्या पावसापुढे कोरडा डोंगरही हतबल झाला असता, आणि हा तर दीड महिना भिजलेला होता. झाडे लावली की पूर टळतो, हे आपले आवडते उत्तर इथे तोकडे पडते. जंगल माती धरून ठेवते, मध्यम सरींना मुरण्यास वाव देते. पण भरलेल्या रांजणाला झाकण कसले आहे, याने फारसा फरक पडत नाही.

पाऊस ओसरल्यावर हेच अडलेले पाणी मातीतून आणि कातळाच्या भेगांतून सावकाश झिरपत राहते, म्हणून काही पऱ्हे दिवाळीनंतरही वाहत असतात.