गाजर नारंगी कसे झाले? एका रंगाची पार्श्वभूमी

गाजराच्या इतिहासाबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नेदरलँड्सचे ऑरेंज घराणे हजर असते. डच शेतकऱ्यांनी आपल्या राजपुत्राचा मान म्हणून गाजर नारंगी केले, अशी ती कथा. ऐकायला छान, लक्षात राहायला सोपी. त्यामुळे तिला पुरावा विचारण्याच्या भानगडीत फारसे कुणी पडत नाही. या टिपणाचा मोठा भाग तिच्यावरच जाणार आहे. त्याआधीचा काळ थोडक्यात उरकून घेऊ.

रानगाजर युरोपपासून मध्य आशियापर्यंत आपोआप उगवते. मूळ बारीक, पांढरट, चिवट. खाण्यासारखे त्यात फार काही नसते. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतल्या तळ्याकाठच्या प्रागैतिहासिक वस्त्यांच्या उत्खननात गाजराचे बी मिळाले आहे. पण बी मिळाले म्हणजे गाजराची शेती होती, असे होत नाही. धणे, जिरे, ओवा, बडीशेप यांच्या कुळातली ही वनस्पती. तिच्या बियांना उग्र वास असतो, आणि त्या औषधासाठी किंवा चवीसाठी गोळा केल्या असण्याचा संभव जास्त. ग्रीक-रोमन काळातले उल्लेखही जपूनच वाचावे लागतात. गाजर आणि पार्स्निप (गाजरासारखेच दिसणारे, पांढरट मुळाचे त्याच कुळातले पीक) ही दोन्ही मुळे लॅटिन ग्रंथांत सर्रास एकाच नावाने येतात, त्यामुळे रोमन लोकांनी नेमके काय शिजवले हे त्या ओळींवरून ठरत नाही. इ.स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेल्या औषधी वनस्पतींच्या सचित्र हस्तलिखितात मात्र नारंगीकडे झुकणाऱ्या मुळाचे चित्र आहे. त्याच्याकडे पुढे परत यावे लागेल.

जाड, गोडसर मुळासाठी गाजर लावायला सुरुवात झाली ती आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या पट्ट्यात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या भागातल्या वाणांची विविधता पाहून हा तर्क केला होता. पुढे जनुकीय अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरातल्या ६३० गाजरांच्या जनुकीय तुलनेनुसार ही घटना पश्चिम आणि मध्य आशियात, मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांत घडली. ही पहिली लागवडीची गाजरे जांभळी आणि पिवळी होती. नारंगी त्यांत नव्हते.

तिथून गाजर दोन दिशांना गेले. पश्चिमेला अरब शेतीबरोबर ते स्पेनमध्ये पोचले. बाराव्या शतकातल्या अंदालुसियामधल्या शेतीग्रंथात लाल आणि पिवळ्या अशा दोन प्रकारांचे वर्णन आहे. तिथून इटली, फ्रान्स करत चौदाव्या शतकापर्यंत ते उत्तर समुद्राकाठच्या सखल प्रदेशात, म्हणजे आजच्या नेदरलँड्स-बेल्जियममध्ये, दिसू लागते. पूर्वेकडची शाखा भारतीय उपखंडात आणि चीनमध्ये गेली, आणि सतराव्या शतकापर्यंत जपानला पोचली. या शाखेत पुढे लाल गाजरे स्थिरावली. त्यांचा लाल रंग टोमॅटोत असते त्याच लायकोपीन या रंगद्रव्याचा, जांभळ्या गाजराचा रंग त्याहून अगदी वेगळ्या अँथोसायनिनचा. एक फरक मात्र रंगाहून महत्त्वाचा ठरला. पूर्वेकडची गाजरे लवकर फुलदांडा काढतात आणि फुलोऱ्यावर आलेले गाजर खाण्याच्या लायकीचे राहत नाही. युरोपातल्या थंडीत पहिल्या वर्षी फक्त मूळ पोसणारी आणि दुसऱ्या वर्षी फुलणारी झाडे हवी होती, आणि तशीच झाडे तिथे निवडली गेली.

आता मूळ प्रश्न. ऑरेंज घराण्याची कथा कालक्रमातच अडखळते. 'ऑरेंज' हे मुळात दक्षिण फ्रान्समधल्या एका छोट्या संस्थानाचे नाव. गावाच्या प्राचीन नावावरून ते आले, फळाशी त्याचा संबंध नाही. ते संस्थान १५४४ मध्ये वारशाने नासाऊ घराण्यातल्या अकरा वर्षांच्या मुलाकडे आले. याच राजपुत्राने पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचे नेतृत्व केले. बंड पेटले १५६८ मध्ये. पण त्याच सखल प्रदेशातल्या अँटवर्प शहरातले चित्रकार १५५० आणि १५६० च्या दशकांतच भाजीबाजाराची मोठी चित्रे काढत होते आणि त्यांत कोबी, मुळे, सलगम यांच्या ढिगाऱ्यांत नारंगी गाजरांच्या जुड्या दिसतात. राजपुत्र राष्ट्रनायक व्हायच्या आधीच गाजर बाजारात आले असेल, तर मान कुणाचा ठेवला?

इथे कथेचे समर्थक म्हणतात की चित्रातला रंग हा काही पुरावा नव्हे. हा आक्षेप खरा आहे. चारशे वर्षांत रंगद्रव्ये बदलतात, वर चढवलेले वार्निश पिवळे पडते, आणि चित्रकाराला पिवळे गाजर जरा तापवून दाखवायचे असेल तर त्याला कोण अडवणार? पण हा आक्षेप दोन्ही बाजूंना लागू पडतो. सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलच्या हस्तलिखितातले नारंगी मूळ दाखवून काही अभ्यासक म्हणतात की नारंगी गाजर डचांच्या हजार वर्षे आधीच अस्तित्वात होते. तिथेही तोच सावधपणा हवा. एखाद्या माळरानावर अधूनमधून नारंगी मूळ निघणे वेगळे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग देणारे बियाणे हाती असणे वेगळे. पहिली गोष्ट सहाव्या शतकातही घडली असेल. दुसरीचा लेखी माग मात्र नेदरलँड्समध्येच आणि तोही बराच उशिरा लागतो: 'लाँग ऑरेंज' या लांब गाजराचे वर्णन १७२१ मध्ये आढळते, तर आखूड आणि मध्यम लांबीच्या आणखी तीन नारंगी वाणांचे १७६३ मध्ये. या तीन वाणांच्या नावातला 'हॉर्न' हा अॅमस्टरडॅमच्या उत्तरेकडच्या हूर्न गावावरून आला, असे मानले जाते. १९५० आणि १९६० च्या दशकांत एका डच संशोधकाने जुने ग्रंथ, चित्रे आणि बियाण्यांच्या याद्या ताडून असे मांडले की पश्चिमेकडची आजची नारंगी गाजरे या चार डच वाणांतूनच उतरली आहेत. त्याच्या मांडणीला धक्के बसले, पण मुख्य सांगाडा टिकला आहे.

म्हणजे डच शेतकरी होते, नारंगी रंग होता, ऑरेंज घराणेही होते. फक्त तिघांना बांधणारा एकही समकालीन कागद नाही. राजपुत्राच्या सन्मानार्थ बियाणे तयार केल्याचे त्या काळात कुणी लिहून ठेवलेले नाही.

माझ्या मते कथेतली खरी अडचण तिच्या तारखांत नाही, कामाच्या स्वरूपात आहे. २०२३ च्या त्याच अभ्यासानुसार दाट नारंगी रंग यायला तीन वेगवेगळ्या ठिकाणची अप्रभावी जनुके एकत्र यावी लागतात. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तीच प्रत मिळाली तरच गुण दिसतो. एका बाजूने पांढऱ्या रानगाजराचा पराग आला की पुढच्या पिढीत रंग गेलाच. आणि पराग येण्यापासून रोखणे सोपे नसते. गाजराच्या फुलोऱ्याची पांढरी छत्री शेकडो बारीक फुलांची असते, बऱ्याचदा मधोमध एकच गडद जांभळे फूल असते, आणि माश्या, मधमाश्या, भुंगे तिच्यावर दिवसभर येत-जात राहतात. बांधावर रानगाजर फुलले असेल तर बियाणे बिघडते. हे आजच्या बीजोत्पादकालाही चुकलेले नाही.

अशा पिकात रंग पक्का करायचा तर एकच रस्ता होता. शरद ऋतूत मुळे उपटायची, एकेक हातात घेऊन पाहायची, मनासारखी असतील ती वेगळी काढायची, हिवाळाभर वाळूत जपायची, वसंतात पुन्हा लावायची, दांडा येऊ द्यायचा, बी धरायचे. आणि हे वर्षामागून वर्षे करत राहायचे. गाजराच्या बाबतीत एवढे बरे की बियाण्यासाठी राखायचे मूळ आधी डोळ्यांनी पाहता येते. पिवळ्यांतून जरा गडद, त्या गडदातून आणखी गडद अशी निवड करायला कुणाचा हुकूम लागत नाही आणि कुणाच्या हुकमाने ती लवकरही होत नाही.

मग नारंगीच का? जांभळ्या गाजराचा रंग पाण्यात उतरतो. रस्सा, भांडे, हात सगळे काळपट होते. नारंगी रंग देणारे कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. हे एक कारण नेहमी दिले जाते आणि पटण्यासारखे आहे. दुसरे कारण असे की फुलोरा लांबवणाऱ्या जनुकांचीही निवड याच प्रवासात होत गेल्याचे जनुकीय अभ्यासात दिसते. उशिरा फुलणारे, मोठे मूळ देणारे झाड हवे होते. ज्या झाडांत ते गुण होते त्यांचाच रंग पुढे चालत राहिला असणे शक्य आहे. पोषणाचा विचार यात असणे मात्र शक्यच नव्हते, कारण जीवनसत्त्व ही कल्पनाच अजून जन्मायची होती.

राजकारणाशी गाजराचा खरा संबंध आला तो नंतर आणि उलट्या बाजूने. १७८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ऑरेंजविरोधी 'देशभक्त' पक्षाचा जोर होता. नारंगी फिती, नारंगी कपडे मिरवणे हा उघड चिथावणीचा प्रकार मानला गेला आणि बाजारात गाजरांची मुळे फार दिसतील अशी मांडणेही कुणाकुणाला खटकले, असे त्या काळाचा इतिहास सांगतो. तोवर हा रंग घराण्याची खूण झाला होता आणि गाजराच्या अंगावर तो आयताच होता. सन्मानाची कथा कदाचित अशाच वातावरणात मागे नेऊन चिकटवली गेली असावी. हा माझा अंदाज.

चार वाणांवरून सगळी पश्चिम उभी राहिल्याची किंमतही आहे. निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर जनुकीय विविधता कमी होत गेल्याचे दिसते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नांत आणि शाँतने ही वाणे आली तीही याच नारंगी साठ्यातून. तिथल्या माळ्यांनी आकाराबरोबर आतल्या गाभ्याकडे लक्ष दिले. जुने गाजर आडवे कापले तर मधला गाभा फिकट, कठीण आणि बेचव, बाहेरचा भाग रंगीत आणि गोड, असा फरक स्पष्ट दिसे. गाभा लहान करणे आणि त्याला बाहेरच्या भागाचा रंग आणणे हे पुढच्या शतकभराचे काम झाले. याच फ्रान्समध्ये १८३० च्या दशकात रानगाजराच्या बियांपासून काही पिढ्यांत जाड मूळ मिळवल्याचा दावा झाला होता. त्या प्रयोगात शेजारच्या बागेतला पराग शिरला असावा, ही शंका नंतर घेतली गेली आणि ती रास्त आहे.

१८३१ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातून तांबडे स्फटिक वेगळे केले आणि त्यांना गाजरावरूनच कॅरोटीन नाव दिले. शरीरात त्याचे 'अ' जीवनसत्त्व होते, हे सिद्ध व्हायला १९३० च्या आसपासचा काळ उजाडला. त्यानंतर दहा वर्षांतच दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या अखेरीस ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडू लागले, तेव्हा ते गाजरे खाऊन अंधारात पाहतात, अशी बातमी पसरवली गेली. खरे कारण विमानात बसवलेले रडार होते. जर्मन या बातमीने फसल्याचा पुरावा नाही, पण ब्रिटिश नागरिकांवर तिचा परिणाम झाला. साखरेचे रेशन होते, गाजर मुबलक होते, रस्त्यांवर दिवेबंदी होती. सरकारला गाजर खपवायचेच होते. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्याची रातांधळ्याची तक्रार गाजराने कमी होऊ शकते. निरोगी डोळ्यांना त्याने जास्त दिसू लागत नाही. तरी समजूत टिकली आहे.

युद्धानंतरची सर्वात मोठी उलथापालथ संकरित बियाण्याने केली. गाजराचे फूल इतके लहान की हाताने पुंकेसर काढून संकर करणे व्यापारी प्रमाणावर अशक्यच. त्यामुळे मुळातच पराग न देणारी झाडे हवी होती. १९४० च्या दशकात तपकिरी, सुकलेल्या परागकोशांची अशी झाडे सापडली. १९५३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका रानगाजरात दुसराच प्रकार दिसला: पुंकेसरांच्या जागी पाकळ्या. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर तिकडे गेलेले आणि तण म्हणून हिणवले जाणारे हे झाड. आजच्या संकरित गाजरांच्या मोठ्या हिश्श्यामागे त्याचेच नरवंध्यत्व आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत गाजराच्या सुट्या पेशींपासून अख्खी झाडे वाढवली गेली आणि ऊतीसंवर्धनाच्या इतिहासात गाजराला कायमची जागा मिळाली.

पुढचे बदल बाजाराने घडवले. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात वाकडी, तुटकी, न खपणारी गाजरे यंत्राने कापून घासून 'बेबी' गाजरे म्हणून विकण्याची युक्ती निघाली आणि त्या तुकड्यांसाठी लांब, बारीक, सारख्या जाडीच्या वाणांना मागणी आली. युरोपीय संघाच्या २००१ च्या जॅमविषयक निर्देशात गाजर फळांत धरले आहे, कारण पोर्तुगालमध्ये त्याचा जॅम होतो. आणि गेल्या काही दशकांत नारंगीने मागे सारलेले जांभळे-काळे गाजर परत शेतात आले आहे, ते अन्नप्रक्रिया उद्योगाच्या मागणीने. कृत्रिम रंगांऐवजी वनस्पतिज रंग हवे झाले, तसा त्याच्या अर्काला भाव आला. कधीकाळी रस्सा काळा करतो म्हणून जो रंग नकोसा झाला, तो आता सरबतांत आणि गोळ्यांत मुद्दाम घातला जातो.