सोमवारी मेथी, शनिवारी भोपळा

महिन्याच्या किराण्याचा हिशेब सहसा चुकत नाही. इंदूरच्या सियागंज बाजारातून डाळ, तांदूळ, तेल, साखर एकदा आली की महिनाभर डब्यात पडून राहते. पैसे गळतात ते भाजीत. रविवारी सकाळी चोइथराम मंडीतले भाव ऐकले की हात सैल सुटतो, झोले भरतात आणि गुरुवारी फ्रिजच्या तळाच्या खणातून कोथिंबिरीचा काळा लगदा निघतो. इंदुरात ओला कचरा वेगळा द्यायची सवय आता अंगवळणी पडली आहे, त्यामुळे हे नुकसान लपतही नाही. बादलीत रोज दिसतं. देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता सुरुवातीला दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याची होती. शहराच्या बस त्या गॅसवर धावतात हे चांगलंच आहे, पण त्यात आपली वीस रुपयांची मेथी असायचं काही कारण नाही.

वीस रुपयांच्या जुडीतली अर्धी फेकली, तर उरलेली अर्धी वीस रुपयांना पडली. एवढा साधा हिशेब. आठवड्याचा बेत आखताना आपण आवडीनिवडी, मुलांचे डबे, उपास, पाहुणे सगळं धरतो; भाजी किती दिवस टिकणार हे मात्र धरत नाही. माझ्या मते बेत तिथूनच सुरू व्हायला हवा.

भाजी खुडली तरी तिचा श्वास चालू असतो. पेशी ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. झाडावर असताना पान ही साखर उन्हात पुन्हा तयार करतं. जुडीत बांधल्यावर आवक बंद, खर्च चालू. या खर्चाचा वेग मोजता येतो: ५ अंश सेल्सिअसला ठेवलेली एक किलो भाजी तासाला किती मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते ते पाहायचं. कांदा, लसूण, पक्का बटाटा यांचा आकडा ५ ते १०च्या घरात असतो. कोबी, गाजर, टोमॅटो १० ते २०. फ्लॉवर २० ते ४०. फरसबी आणि कांद्याची पात ४० ते ६०. पालक, मटार म्हणजे आपला बटला, मशरूम आणि मक्याचं कणीस ६०च्याही पुढे.

यादी नीट पाहिली तर तिच्यामागचं कारण दिसतं. बटाटा आणि कांदा ही झाडानं पुढच्या हंगामासाठी ठेवलेली शिल्लक आहे. थांबून राहणं हेच त्यांचं काम. पालकाचं कोवळं पान, फ्लॉवरचा गड्डा, शेंगेतला हिरवा दाणा हे वाढीच्या ऐन भरातले भाग, तोडले तरी त्यांची घाई संपत नाही. तांबडा भोपळा पूर्ण पिकून, साल टणक करून वेलावरून उतरतो, म्हणून अख्खा असेल तर महिना-दोन महिने कोपऱ्यात सुखानं बसतो. चिरून आणलेल्या फोडीला ही सवलत नाही.

त्यात उष्णतेची भर. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. ३५ अंशांच्या हवेतली जुडी आणि फ्रिजमधली ५ अंशांची जुडी यांत अशा तीन पायऱ्या आहेत, म्हणजे फरक कमीत कमी आठपट. उन्हाळ्यात मंडीतून निघून छप्पन दुकानला पोहे-जिलेबी खायला थांबायचं असेल तर भाजी आधी घरी टाकावी. साध्या गोड मक्याच्या कणसातली निम्म्याहून जास्त साखर ३० अंशांना एका दिवसात नाहीशी होते. शून्याजवळ ठेवलं तर जेमतेम काही टक्के. काही साखर जळते, बरीचशी स्टार्चमध्ये बदलते. भुट्ट्याच्या किसात वरून साखर घालावी लागली, तर कणीस कालचं आहे असं खुशाल समजावं.

आता बेत. रविवारी भाजी आणली तर सोमवारी मेथी किंवा पालक, फार तर मंगळवारी. मग भेंडी, गवार, गिलकी म्हणजे घोसाळी. गुरुवारच्या सुमारास फ्लॉवर, शुक्रवारी कोबी किंवा गाजर, शनिवारी भोपळा किंवा कांदा-बटाट्यावर काहीतरी. पालेभाजी आठवड्यातून दोनदा हवी असेल तर दुसरी जुडी बुधवारी दारावरच्या ठेल्यावरून घ्यावी. ठेलेवाला जुडीमागे पाच रुपये जास्त घेतो म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. चार दिवस जपण्याचं काम तो आपल्याऐवजी करतो, आणि नासली तर त्याची नासते.

पालेभाजीचा दुसरा शत्रू म्हणजे सुकणं. पालकानं वजनाच्या तीन टक्के पाणी गमावलं तरी तो मान टाकतो. फ्रिजची हवा कोरडी, त्यामुळे उघडी जुडी सुकते. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उलट घाम धरतो आणि त्या थेंबांत कुजवणारे जिवाणू माजतात. मधला मार्ग आपल्या घरांत पूर्वीपासून आहे: न धुता निवडायची, पिवळी-चिरडलेली पानं काढायची, कोरड्या सुती पंच्यात गुंडाळून सैल पिशवीत ठेवायची. कापड जास्तीचं पाणी शोषतं, पिशवी उरलेली ओल धरून ठेवते. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नये. शाईतली रसायनं अन्नाला लागतात म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं ते टाळायला सांगितलं आहे.

सगळंच फ्रिजमध्ये कोंबणं हीदेखील नासाडीच. टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी, केळी ही उष्ण प्रदेशातली पिकं. साधारण १० अंशांखाली फार दिवस राहिली तर त्यांच्या पेशींची आवरणं बिघडतात, मग भेंडीवर काळे डाग, काकडीवर पाणथळ खड्डे, वांग्याच्या आत तपकिरी बिया. टोमॅटोत वास तयार करणाऱ्या जनुकांचं कामच थंडीत मंदावतं आणि बाहेर काढून ठेवल्यावरही तो पूर्ववत होत नाही. डिसेंबर-जानेवारीत इंदूरचं स्वयंपाकघर टोमॅटोसाठी फ्रिजपेक्षा चांगलं. मे महिन्यात प्रश्न वेगळा. तेव्हा पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये चव गमावेल पण निदान कुजणार नाही.

बटाट्याची गोष्ट माळव्यात सांगायलाच हवी, कारण इथला बटाटा वेफरसाठी नावाजलेला. थंडीत बटाटा आपल्या स्टार्चची साखर करतो. फ्रिजमधल्या किंवा २ ते ४ अंशांच्या कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्याचे काप तळले की ते शिजायच्या आत लालकाळे होतात, कारण ती साखर आणि अमिनो आम्लं गरम तेलात एकमेकांशी अभिक्रिया करतात. त्याच अभिक्रियेत अॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही जास्त तयार होतो. मंडीत ‘शुगर फ्री आलू’ म्हणून थोडा महाग मिळतो, तो काही मधुमेहींसाठी नसतो. तो १० ते १२ अंशांना, कोंब येऊ न देणारं औषध देऊन साठवलेला असतो, म्हणून गोड होत नाही. रोजच्या रश्श्याला त्याचे जादा पैसे देऊ नयेत. फाल्गुनात वेफर वाळवायचे असतील तर ताजा बटाटाच घ्यावा. घरी बटाटे अंधारात आणि हवेशीर ठेवावेत, कांद्यापासून दूर.

पिकलेली केळी आणि पपई इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यांच्या शेजारी पालक पिवळा पडतो, गाजर कडवट होतं. फळांची टोपली वेगळी ठेवली की झालं.

बटल्याकडे पुन्हा येऊ, कारण वर्षभराची खरी बचत इथे आहे. थंडीत भाव उतरला की इंदुरात घरोघरी शेंगा सोलायला बसतात. शेंगांतून दाणे वजनाच्या निम्म्याच्या आसपास निघतात, म्हणजे तीस रुपये किलोनं घेतलेल्या शेंगांचे दाणे साठ रुपये किलो पडले. जून-जुलैत फ्रोजन पाकीट घेताना तुलना या आकड्याशी करायची. दाणे तसेच फ्रीझरमध्ये टाकले तर महिना-दोन महिन्यांत त्यांना वाळक्या गवतासारखा वास येतो. उणे १८ अंशांनाही दाण्यांतली लायपॉक्सिजिनेजसारखी विकरं (एन्झाइम) पूर्ण थांबत नाहीत; हळूहळू स्निग्धांशाचं विघटन करत राहतात. विकर हे प्रथिन, उष्णतेनं त्याची घडी मोडते. म्हणून खळखळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग कापडावर कोरडे.

यात घाई होते ती एकाच वेळी फार दाणे टाकण्यात. दाणे पडताच पाणी थंडावतं आणि पुन्हा उकळी यायला तीन-चार मिनिटं लागली, तर विकरं मरण्याआधी दाणे मऊ होतात. मोठं पातेलं, थोडे दाणे, मिनिटभरात परत उकळी, असं प्रमाण धरावं. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालायची पद्धत आहे. रंग टिकतो खरा, कारण अल्कधर्मी पाण्यात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम जागा सोडत नाही. पण सोड्यानं पेशींच्या भिंती विरघळतात, साल सुटते आणि बी-१ व क जीवनसत्त्वंही जातात. मी सोड्याच्या विरोधात आहे. कोरडे दाणे ताटात पसरून आधी गोठवावेत, मग पिशवीत भरावेत. म्हणजे गोळा होत नाही आणि आमटीला मूठभर हवे असतील तर मूठभरच निघतात.

भाजी संपत आलेल्या शुक्रवार-शनिवारी पिठलं, उसळ किंवा सोयावडी असा बेत केला तर प्रथिनांचंही भागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम, सोयावडीत ५०च्या वर. देशातली सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे आणि आसपासच्या शेतांत पावसाळ्यात सोयाबीनच सोयाबीन. तरी कितीतरी मराठी स्वयंपाकघरांत सोयावडीकडे नाक मुरडलं जातं. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की तिचा उग्र वास बराच जातो. पाकिटावर शंभर ग्रॅममागची प्रथिनं छापलेली असतात; किमतीला त्यांनी भागून पाहिलं की बहुतेक दुकानांत सोयावडी, डाळी आणि शेंगदाणे पनीरच्या पुष्कळ पुढे निघतात. गव्हात लायसिन कमी, डाळीत भरपूर, त्यामुळे पोळीबरोबर पिठलं हे जेवण म्हणून चोख.

किराण्यातली एकच गोष्ट ढीगभर भरू नये, ती म्हणजे अख्खी कडधान्यं, निदान पावसाळ्याच्या तोंडावर. उबदार दमट हवेत राजमा, छोले, हरभरा महिनोन्‌महिने राहिले की शिजेनासे होतात. दाण्यातलं फायटिक आम्ल हळूहळू तुटतं, त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला जाऊन घट्ट बांधतं. चार शिट्ट्यांऐवजी आठ होतात, गॅस तेवढा जास्त जळतो. बोरचं जड पाणी वापरलं तर त्यातलं कॅल्शियम आणखी भर घालतं; कडधान्य भिजवायला आणि शिजवायला नर्मदेच्या नळाचं पाणी बाजूला काढून ठेवावं. तरीही जुना राजमा हट्ट करत असेल तर रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवावा. मिठातला सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतो. सकाळी ते पाणी फेकून दाणे धुवायचे आणि साध्या पाण्यात कुकरला लावायचे.