गुलाबी पिशवी की चंदेरी पिशवी? सुटं कार्ड नेमकं कशात ठेवायचं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मी ड्राइव्हची, म्हणजे कारखान्यातल्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची, इलेक्ट्रॉनिक सर्किट कार्डं दुरुस्त करतो. जादा म्हणून ठेवलेलं सुटं कार्ड गुलाबी पिशवीतून काढत गिऱ्हाईक सांगतं, "अहो, अँटिस्टॅटिकमध्येच ठेवलं होतं की!" अँटिस्टॅटिक म्हणजे स्टॅटिकपासून, घासण्याने साठणाऱ्या विजेच्या चार्जपासून, जपणारी. त्यांचं खोटं नसतं. पण त्या एकाच नावाने आपल्याकडे दोन पिशव्या विकल्या जातात आणि दोघींची कामं वेगळी आहेत.

गुलाबी पिशवी म्हणजे पॉलिथिन, त्यात एक रसायन मिसळलेलं. ते हळूहळू वर येतं, हवेतला ओलावा धरतं, आणि मग पिशवी घासली तरी तिच्यावर चार्ज साठत नाही. तिचं काम इथंच संपतं. बाहेरून कुणाच्या बोटातून ठिणगी उडाली, तर ती अडवायला या पिशवीत काहीच नाही. शिवाय ते रसायन वर्षागणिक कमी होतं, आणि हवा कोरडी असेल तर त्याला ओलावाच मिळत नाही. आपल्याकडे हवा कोरडी होते हिवाळ्यात, नेमकी ऊस गाळपाच्या हंगामात. साखर कारखान्याचं सुटं कार्ड घाईघाईने कपाटातून निघतं तेही तेव्हाच.

चंदेरी पिशवीत थर असतात: बाहेर पॉलिस्टर, आत चार्ज न धरणारं पॉलिथिन, आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर. हा थर इतका पातळ असतो की आतलं कार्ड धूसर दिसतं. बाहेरून ठिणगी पडली तर चार्ज या धातूवर पसरतो, आत शिरत नाही. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने १८३६ मध्ये धातूचा पिंजरा बांधून दाखवलं ते हेच. पण पिंजऱ्याला दार उघडं चालत नाही. पिशवीचं तोंड दुमडून चिकटवलेलं हवं. कार्डाच्या मागच्या पिना घुसून भोकं पडली असतील, किंवा कुणी स्टेपल मारला असेल, तर ती पिशवी बाद समजा.

एवढी काळजी कशाला, असं विचारतात. माणसाला चटका जाणवतो साधारण ३,००० व्होल्टला. कार्डावरच्या काही आयसी, म्हणजे चिप, १०० व्होल्टच्या आतच दुखावतात, म्हणजे कार्ड बिघडवणाऱ्याला ते कळतही नाही. त्यातही वाईट म्हणजे अर्धवट दुखावलेला आयसी. गेल्या हिवाळ्यात गुलाबी पिशवीतून आलेलं एक कार्ड माझ्या टेबलावर नीट चाललं आणि पॅनेलमध्ये आठव्या दिवशी बंद पडलं. कारण स्टॅटिकच होतं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण तेव्हापासून कार्ड गुलाबी पिशवीत परत देत नाही.

गुलाबी पिशवी फेकू मात्र नका. स्क्रू, केबल, मॅन्युअल अशा कार्डाजवळ ठेवायच्या वस्तूंसाठी ती उत्तम आहे, कारण साधी कॅरीबॅग किंवा थर्माकोल कार्डाशेजारी आणणं हाच धोका असतो.

कार्डावर बॅटरी असेल तर काळी कार्बनची पिशवी टाळा. ती वीज वाहते, बॅटरी उतरवते.

आणि ओलाव्याचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत पाण्याची धास्ती सगळ्यांनाच आहे, पण गुलाबी असो वा नेहमीची चंदेरी, दमट हवेची वाफ दोन्हींतून हळूहळू आत जाते. त्यासाठी जाड, हवा काढून सील केलेली ओलावारोधक पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी लागते. कार्ड काढताना आधी अर्थिंग केलेल्या धातूला हात लावा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, मगच पिशवीचं तोंड उघडा.