परडीतून फुलदाणीत

आपल्या अंगणातली फुले पिढ्यान्‌पिढ्या परडीत गेली. जास्वंद, तगर, कण्हेर खुडायची ती फुलापुरतीच. देवाला वाहायला किंवा हारात ओवायला लांब देठ लागत नाही. मोगरा-बकुळीला सुई-दोरा पुरे. त्यामुळे बाग फुलांनी भरलेली असूनही घरात पाण्यात उभे करावे असे फूल क्वचितच निघायचे.

भांड्यातली फुले मात्र आपल्याला परकी नव्हती. भारहूत आणि सांचीच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत पूर्णघट आहे : भरलेला कुंभ आणि त्यातून लांब देठांवर वर आलेली कमळे. पूजेचा कलश त्याच घराण्यातला, फक्त त्यात आंब्याची पाने. पण ही सगळी मंगलचिन्हे. मोगल इमारतींच्या भिंतींवर फुलदाण्या दिसतात, त्या राजेरजवाड्यांच्या. टेबलावर निव्वळ शोभेसाठी फुले ठेवण्याची रीत मध्यमवर्गीय घरात आली ती मुख्यतः इंग्रजी बंगल्यांकडे पाहून.

पुण्याचे एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची. तिच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला आजही गर्दी होते आणि तिथे पुष्परचनेच्या स्पर्धाही असतात. पुण्याच्या थंडीत डेलिया, झिनिया, कॉसमॉस, ॲस्टर छान येतात. यांतला ॲस्टर चीनचा, बाकी तिन्ही मूळचे मेक्सिकोकडचे, आणि सगळ्यांना कापण्याजोगा देठ. परडीची बाग आणि फुलदाणीची बाग यांत खरा फरक पडला तो इथे.

निशिगंधात तो फरक एकाच झाडात दिसतो. हाही मेक्सिकोचाच, पण इतका मुरला की परका वाटत नाही. एकेरी पाकळ्यांच्या जातीची फुले सुटी खुडून हारात जातात, दुहेरीचे दांडे सबंध कापून फुलदाणीत. दोन्ही घरी लावावेत, असे मला मनापासून वाटते.

घरच्या फुलांना मान मिळवून देण्यात दोन इंग्रज बायकांचा मोठा वाटा आहे. गर्ट्रूड जेकिल या बागकार बाईंनी 1907 साली घरातल्या पुष्पसजावटीवर पुस्तक लिहिले; फुलांना पाणी पुरेसे मिळावे म्हणून स्वस्त, साध्या काचेच्या फुलदाण्याही करवून घेतल्या. पुढे कॉन्स्टन्स स्प्राय यांनी कुंपणावरच्या रानवेली, बियांची बोंडे, अगदी केल या कोबीसारख्या भाजीची पानेसुद्धा मांडणीत आणली आणि स्वयंपाकघरातली भांडी फुलदाणी म्हणून वापरली. 1953 च्या राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या पुष्पसजावटीतही त्यांचा हात होता. मला त्यांची वाट जास्त जवळची वाटते, कारण तिला परसातले काहीही चालते. आपल्याकडे क्रोटनची पाने, कढीपत्त्याची डहाळी, बडीशेपेची फुललेली छत्री यांनी तेच साधते.

तळेगावच्या परिसरात हरितगृहे उभी राहिली तसा जरबेरा बारमाही झाला आणि फुलदाणी बाजारावर विसंबली. घरचा डेलिया तितके दिवस टिकत नाही, पण त्याची सोय करता येते. फूल पूर्ण उमलत आल्यावर उन्हे चढण्याआधी धारदार कात्रीने कापावे. पाण्यात बुडतील तेवढी खालची पाने काढावीत, नाहीतर ती कुजून पाण्याला वास येतो. मग दांडे दोन-तीन तास बादलीत खोल पाण्यात सावलीला ठेवून नंतरच मांडावेत. पाणी रोज बदलावे आणि प्रत्येक वेळी देठाचे टोक थोडे कापावे.