टॅक्स इक्विटी आणि क्रेडिटची विक्री : भागीदार कोण, गिऱ्हाईक कोण?

अमेरिकेत सौर किंवा पवनऊर्जेचा प्रकल्प उभारणाऱ्याला केंद्र सरकार टॅक्स क्रेडिट देते, म्हणजे भरायच्या करातून थेट वजावट. अडचण अशी, की नव्या प्रकल्पाच्या मालकाला बहुधा तेवढा करच लागत नाही. मग ज्याला भरपूर कर भरावा लागतो अशा बँकेकडून किंवा मोठ्या कंपनीकडून त्या क्रेडिटच्या बदल्यात पैसा उभा करायचा. याचे दोन रस्ते आहेत. दोन्हींत विकासकाच्या, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याच्या, हातात रोख रक्कम पडते, म्हणून बातम्यांत ते सर्रास एकच समजले जातात. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

पहिला रस्ता जुना, टॅक्स इक्विटीचा. इथे गुंतवणूकदार प्रकल्पाच्या भागीदारीत शिरतो. नफा-तोटा आणि क्रेडिट यांचा साधारण ९९ टक्के वाटा सुरुवातीला त्याच्याकडे जातो. ठरलेला परतावा मिळाला की त्याचा वाटा ५ टक्क्यांवर येतो आणि उरलेले विकासकाकडे वळते. पण भागीदार कागदावर असून भागत नाही. अटलांटिक सिटीच्या हिस्टॉरिक बोर्डवॉक हॉल खटल्यात हेच झाले. तिथे क्रेडिट ऐतिहासिक इमारतीच्या जीर्णोद्धाराचे होते आणि गुंतवणूकदार होती पिटनी बोज कंपनी. तिला तोटा होऊ नये अशी तजवीज आधीच करून ठेवली होती आणि नफ्यातही खऱ्या अर्थाने वाटा नव्हता. २०१२ मध्ये थर्ड सर्किट अपील न्यायालयाने ती भागीदारच नाही असे ठरवले आणि क्रेडिट गेले. पवनऊर्जेसाठी आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, २००७ मध्येच चौकट घालून दिली होती : गुंतवणूकदाराने किमान २० टक्के रक्कम आधी घालायची, आणि एकूण गुंतवणुकीपैकी निदान ७५ टक्के आधीच ठरलेली असायची. म्हणून या करारांत वकिलाचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो : या माणसाने खरोखर धोका पत्करला आहे का?

दुसरा रस्ता ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने खुला केला. कर संहितेच्या कलम ६४१८ प्रमाणे क्रेडिट सरळ विकता येते. पैसे रोखच द्यायचे, दोघांचे आपसांत नाते नको, आणि विक्री एकदाच; घेणाऱ्याला ते पुढे विकता येत नाही. विकणाऱ्याला ती रक्कम उत्पन्नात धरावी लागत नाही आणि घेणाऱ्याला ती खर्चात दाखवता येत नाही. आयआरएसकडे आधी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो.

विक्री सुटसुटीत, मग टॅक्स इक्विटी अजून टिकून कशी? कारण घसारा, म्हणजे यंत्रसामग्रीच्या झिजेपोटी मिळणारी करातली वजावट, विकता येत नाही. तो हवा असेल तर भागीदारच व्हावे लागते. शिवाय विकासकाने प्रकल्प बाजारभावाने भागीदारीला विकला, तर क्रेडिट त्या वाढीव किमतीवर मोजले जाते. साध्या विक्रीत ते प्रत्यक्ष खर्चावरच राहते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रिकॅप्चरचा, म्हणजे दिलेले क्रेडिट सरकारने परत घेण्याचा, मुद्दा. समजा प्रकल्पाचा खर्च १० कोटी डॉलर आणि गुंतवणुकीवरचे ३० टक्के क्रेडिट, म्हणजे ३ कोटी. एका कंपनीने ते २ कोटी ७९ लाखांना घेतले. तिसऱ्या वर्षात विकासकाने प्रकल्पच विकून टाकला. गुंतवणूक क्रेडिट पाच वर्षांत दरवर्षी २० टक्क्यांनी पक्के होते. म्हणजे अजून ६० टक्के, १ कोटी ८० लाख, सरकारला परत द्यायचे. ते भरणार कोण? क्रेडिट घेणारी कंपनी! प्रकल्पावर तिचा काडीचाही ताबा नसताना. क्रेडिट मुळातच जास्त दाखवलेले निघाले, तर जास्तीची रक्कम आणि वर तिच्या २० टक्के असा भुर्दंडही तिच्यावरच येतो. वाजवी कारण दाखवता आले तरच ते २० टक्के सुटतात. म्हणून गिऱ्हाइकाचा वकील विकासकाकडून नुकसानभरपाईची हमी घेतो, टॅक्स इन्शुरन्स (क्रेडिट हातचे गेले तर भरपाई देणारा विमा) मागतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडूनही लिहून घेतो, की पाच वर्षांत ती प्रकल्पावर थेट टाच आणणार नाही. माझ्या मते ‘सोपी विक्री’ म्हणून या कागदांत काटकसर करणे धोक्याचे आहे.

क्रेडिटचा दुसरा प्रकार वीजनिर्मितीवरचा. ते तयार झालेल्या विजेवर दहा वर्षे मिळते आणि त्याला रिकॅप्चर नाही. तिथे ही काळजी बरीच हलकी होते.

हल्ली दोन्ही रस्ते एकत्रही येतात : आधी भागीदारी करायची आणि मग त्या भागीदारीनेच क्रेडिट विकायचे. तेव्हा दोन्हीकडचे प्रश्न एकाच फाइलमध्ये येतात. जुलै २०२५ च्या कायद्याने विक्रीची सोय ठेवली, पण क्रेडिट मिळायचे तर सौर व पवन प्रकल्पांचे काम ४ जुलै २०२६ पर्यंत सुरू व्हायला हवे, नाहीतर २०२७ संपण्याआधी ते कार्यान्वित झाले पाहिजेत.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना कुणी ‘सवलतीत क्रेडिट घ्या, कर वाचवा’ असे सुचवले, तर आधी सीएला नव्हे, तिथल्या कर सल्लागाराला विचारा. विकत घेतलेले क्रेडिट व्यक्तीच्या बाबतीत सहसा निष्क्रिय उत्पन्नावरच्या (ज्या धंद्यात स्वतः काम करत नाही त्यातून येणाऱ्या उत्पन्नावरच्या) करापुरतेच चालते. पगारावरचा कर त्याने कमी होत नाही.